लाभो की लाभली

काळ्या ग्रॅनाइटवर बाबांचं नाव, त्याखाली जन्माची आणि मरणाची तारीख, वरच्या अंगाला क्रूस. इतकं ठरलं होतं. कॅम्पातल्या दुकानात कारागिराने कागदावर पेन्सिलीने सगळं मांडून दाखवलं आणि म्हणाला, "ताई, खाली एक ओळ टाकतात. काय टाकू?" अक्षरामागे दर होता; काना, मात्रा, वेलांटी फुकट. मी म्हटलं, घरी विचारून सांगते.

तिथेच चुकलं.

आई म्हणाली, "चिरशांती लाभो, असं लिहितात ना सगळे. तेच लिही." हे आत्याच्या कानावर गेलं, कारण आमच्या घरातली कुठलीही गोष्ट नाना पेठेतून गुरुवार पेठेत पोहोचायला पंधरा मिनिटं पुरतात. लगेच फोन. "लाभो कशाला? लाभली म्हण. माझा भाऊ डोळे मिटले त्या क्षणी प्रभूजवळ गेला. आता तीन वर्षांनी त्याच्यासाठी कसली शांती मागताय? मिळाली नाही की काय त्याला?"

बाबा मराठीचे शिक्षक होते. आठवीच्या वर्गाला क्रियापदाचे अर्थ शिकवताना ते सांगायचे, "आज्ञार्थ म्हणजे नुसता हुकूम नव्हे. 'देव तुझं भलं करो' हाही आज्ञार्थच. देवाला कोण हुकूम सोडणार? तिथे ती प्रार्थना होते." म्हणजे आईचं 'लाभो' आज्ञार्थात गेलं. आत्याचं 'लाभली' हा स्वार्थ, म्हणजे आहे ते नुसतं सांगणं. व्याकरणातला स्वार्थ, आत्याचा नव्हे. आई कॅथोलिक; बाबा आणि आत्या प्रॉटेस्टंट. क्रियापदाच्या शेपटावरून या दोन पंथांचं पाचशे वर्षांचं भांडण आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसलं, आणि ज्याने ते दोन वाक्यांत मिटवलं असतं तो माणूस मातीखाली.

बाहेरच्यांना आम्ही सगळे 'ख्रिश्चन' या एकाच गठ्ठ्यात दिसतो. नाताळ, केक, क्रूस, संपलं. माझी बँकेतली मैत्रीण एकदा म्हणाली, "तुमच्यात बरं असतं, एक देव, एक पुस्तक." मी हसले. एक देव हे खरं. पुस्तक मात्र एक नाही. आत्याच्या बायबलमध्ये ६६ पुस्तकं आहेत, आईच्या बायबलमध्ये ७३. आई म्हणते, "अक्कांच्या लोकांनी सात काढून टाकली." आत्या म्हणते, "वहिनीच्या लोकांनी सात घुसडली." आणि मेलेल्यांसाठी प्रार्थना करावी की नाही, याचा सगळ्यात उघड दाखला नेमका त्या सातांतल्या एका पुस्तकात आहे. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात यहूदा मक्काबी लढाईत पडलेल्या आपल्या शिपायांसाठी चांदी गोळा करतो आणि यरुशलेमला अर्पण पाठवतो, त्यांचं पाप धुतलं जावं म्हणून. आई तेच करते. दर वर्षी बाबांच्या तारखेला त्यांच्या नावाने मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, अर्पण करते. आत्याच्या पुस्तकात हे पानच नाही, मग तिने काय वाचून पटवून घ्यायचं?

आईबाबा दोघांचीही मुळं नगर जिल्ह्यातली. दोन गावांत फार तर वीस-पंचवीस किलोमीटरचं अंतर. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ मध्ये आलं, ते प्रॉटेस्टंट. कॅथोलिकांचे जेझुइट फादर त्याच भागात शतक संपता संपता फिरू लागले. आजोबा, म्हणजे बाबांचे वडील, सांगायचे, "ज्याचा टांगा आधी वेशीपाशी आला, त्याचे आपण झालो." दोन्हीकडची माणसं वेशीच्या बाहेरचीच होती. मारियेला, येशूच्या आईला, नमन करावं की करू नये, हा प्रश्न त्यांना पडला असेलही, पण फार नंतर. आधीचा प्रश्न विहिरीचा होता.

पुढे मात्र टांग्याचा विसर पडतो आणि माणूस आपल्या टांग्यासाठी भांडू लागतो.

आईचं श्रद्धास्थान हरेगाव. श्रीरामपूरजवळची मतमाउलीची, म्हणजे मारियेची, यात्रा. सप्टेंबरात तिथे लाखाने माणूस लोटतो. नुसते ख्रिस्ती नव्हे, सगळ्या जातिधर्मांचे लोक, डोक्यावर पोरं, हातात मेणबत्त्या. आधी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, असते. लहानपणी मला वाटायचं, माउली म्हणजे एकच कुणीतरी असेल. कारण आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर निवडुंग्या विठोबा, तिथे आषाढी वारीत तुकोबांची पालखी उतरते, भवानी पेठेत पालखी विठोबाला ज्ञानोबांची, आणि लोक म्हणत असतात, "माउली, सरका जरा." तेच नाव, तोच धक्का, तोच घामाचा वास. बाबांना या शब्दाचं फार कौतुक. 'मदर ऑफ गॉड'ला मराठीत कोणी माउली म्हटलं असेल तो व्याकरणात नाही, कानात हुशार होता, असं म्हणायचे.

आत्याला ते खपत नसे. ती तिमथ्याच्या पहिल्या पत्रातलं वचन काढायची: देव आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ एकच, तो ख्रिस्त येशू. दिवाणखान्यातल्या मारियेच्या मूर्तीकडे ती बघायचीच नाही. जणू कोणी परकी बाई सोफ्यावर बसली आहे आणि ओळख करून दिलेली नाही. एकदा चहा चालू असताना आई शांतपणे म्हणाली, "अक्का, तुम्ही तुमच्या पाळकांना सांगता ना, माझ्या गुडघ्यासाठी प्रार्थना करा म्हणून?"

"सांगते की."

"मग ते मध्यस्थ झाले."

"वहिनी, पाळक जिवंत आहेत."

"आणि मारिया मेली, असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

आत्याच्या हातात कप तसाच राहिला. सार्वकालिक जीवनावर दोघींचा विश्वास; मतभेद इतकाच, की पलीकडे गेलेल्याला इकडचं ऐकू येतं का. मला तेव्हा आईची सरशी झाल्यासारखं वाटलं होतं. आता तसं वाटत नाही. आत्याच्या म्हणण्यात एक ताठ कणा आहे: देवाशी बोलायला मला कुणाची चिठ्ठी लागत नाही. ज्यांच्या पणज्यांना देवळाच्या पायरीवर उभं राहू दिलं नाही, त्यांच्या तोंडी हे वाक्य साधं नसतं.

चहावरून आठवलं. आमच्या पेठांत चहाने धर्म बुडाल्याचा इतिहास आहे. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं घेतल्याबद्दल पुण्यातल्या मोठ्या मोठ्या मंडळींवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, आलं, त्यात लोकमान्य टिळक होते आणि रानडेही. रानड्यांनी शेवटी प्रायश्चित्त घेतलं. मिशनच्या आवारातलं पवित्र नाम देवालय ऑक्सफर्डच्या काउली फादरांचं, अँग्लिकन असूनही धूप, घंटा, झगे असं सगळं साग्रसंगीत. आमचे आजोबा नगरच्या साध्या काँग्रिगेशनल वळणाचे. पुण्यात आल्यावर पहिल्यांदा तिथे गेले आणि उदाच्या वासाने बाहेर येऊन उभे राहिले. "हे तर अर्धे रोमन," म्हणाले. गंमत म्हणजे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं आणि आजोबा व ते उदवाले एकाच छपराखाली आले. सहांत बाळांचा बाप्तिस्मा करणारे होते, आणि कळत्या वयातच पाण्यात बुडवणारे बॅप्टिस्ट, ब्रदरनही होते. दोन्ही पद्धती चालतील असं ठरवून त्यांनी तो वाद बाजूला ठेवला. मिटवला नाही, ठेवला. लग्नकार्यात भांडणाऱ्या व्याह्यांना वेगवेगळ्या पंगतीत बसवतात तसा.

माझा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, आईच्या चर्चमध्ये झाला. लग्नाआधी तिने तसं वचन दिलं होतं. पण संडेस्कूलला बाबा न्यायचे. त्यामुळे दहा आज्ञांचे अंकच माझे चुकतात. 'कोरीव मूर्ती करू नको' ही बाबांकडे दुसरी आज्ञा. आईकडे ती पहिलीतच येते आणि शेवटच्या लोभाच्या आज्ञेचे दोन भाग करून दहा भरतात. व्यभिचार बाबांकडे सातवा, आईकडे सहावा. परीक्षेत मी दोन्हीकडे मार खाल्ला.

रविवारी एक चित्र कायम असायचं. आईबरोबर बाबा मिस्साला गेले की ख्रिस्तशरीर घ्यायच्या वेळी सगळा बाक उठायचा आणि बाबा गुडघे तिरके करून लोकांना वाट द्यायचे. बाबांच्या चर्चमधल्या प्रभूभोजनाला आई तसंच करायची. तेच गुडघे, तसेच तिरके. भाकर एकच, पण आईच्या मते ती खरोखर ख्रिस्ताचं शरीर होते. बाबांच्या चर्चमध्ये विचाराल तर पाच माणसं पाच उत्तरं देतील. यावरून ल्यूथर आणि झ्विंग्ली, प्रॉटेस्टंटांचे दोन आद्य पुढारी, १५२९ मध्ये जर्मनीत मारबुर्गला समोरासमोर बसले होते. ल्यूथरने खडूने टेबलावर लॅटिनमध्ये लिहून ठेवलं होतं, 'हे माझं शरीर आहे', आणि तो त्यातल्या 'आहे'वरून तसूभर हलेना. झ्विंग्लीचं म्हणणं, इथे 'आहे'चा अर्थ 'दर्शवतं'. बाकीच्या चौदा मुद्द्यांवर एकमत झालं, या एका क्रियापदावर सगळं फिसकटलं. बाबांना हा किस्सा फार आवडायचा. ते म्हणायचे, "येशू अरामी बोलायचा. त्या भाषेत असल्या वाक्याला क्रियापद लागत नाही. मराठीतही कुठे लागतं? भाकर पुढे करून माणूस म्हणतो, 'हे माझं शरीर.' वाक्य पुरं झालं. भांडायला जागाच नाही."

आई म्हणायची, "क्रियापद गाळलं म्हणून अर्थ गळत नाही."

तेही खरंच.

आमच्या घरचा खरा गोंधळ मात्र मातीच्या वेळी व्हायचा. कुणाचंही दफन असो, दोन्हीकडचे नातेवाईक जमायचे आणि प्रभूची प्रार्थना सुरू व्हायची. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणताना शंभर माणसांचा एक आवाज. 'वाइटापासून सोडव' इथे अर्धे आवाज 'आमेन' म्हणून थांबायचे, आणि उरलेले अर्धे तसेच पुढे जायचे: कारण की राज्य, पराक्रम व गौरव ही सर्वकाळ तुझी आहेत. थांबलेले कॅथोलिक खाली बघायचे. पुढे जाणारे प्रॉटेस्टंट जरा मोठ्याने म्हणायचे. लहानपणी मी आईचा हात धरला असेल तर थांबायचे, बाबांचा धरला असेल तर पुढे जायचे. आत्या म्हणायची, "तुझी आई प्रार्थना अर्धवट टाकते." आई म्हणायची, "तुझी आत्या येशूने न सांगितलेलं जोडते."

कोण बरोबर, हे मी बाबांना विचारलं तेव्हा त्यांनी मत्तयाचा सहावा अध्याय उघडून दाखवला. आत्याच्याच पवित्र शास्त्रात ती ओळ कंसात छापलेली. सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत ती नाही. लूकने दिलेल्या प्रार्थनेत तर नाहीच. पहिल्या काळातली मंडळी उपासनेत ती म्हणू लागली आणि म्हणता म्हणता ती नकलांमध्ये शिरली. म्हणजे बघा, 'फक्त शास्त्र, परंपरा नको' म्हणणारी आत्या परंपरेने आलेली ओळ ठासून म्हणते, आणि परंपरेला मान देणारी आई जुन्या पाठाबरहुकूम थांबते. बाबा हसत होते. आता तर मिस्सामध्येही, मध्ये फादरांची एक छोटी प्रार्थना झाली की, सगळे ती ओळ म्हणतात. आईसुद्धा. पण कबरीपाशी नाही.

"व्याकरण बघ," बाबा म्हणाले होते. "पूर्ण प्रार्थना आज्ञार्थात आहे. जावो, येवो, दे, सोड, सोडव. मागणं, मागणं, मागणं. फक्त ती जोडलेली ओळ स्वार्थात: आहेत." मी तेव्हा नववीत होते, मला त्यात विशेष वाटलं नाही. दगडाच्या दुकानातून परत येताना, क्वार्टर गेटच्या सिग्नलला, ते आठवलं. समोर सिटी चर्च. सवाई माधवरावांच्या काळात पेशव्यांच्या फौजेतल्या कॅथोलिक शिपायांसाठी या चर्चला जागा मिळाली. आई मागून थांबते, आत्या सांगून पुढे जाते. लाभो, लाभली. माणसं सगळीकडे आपापल्या क्रियापदाशी इमान राखून असतात.

आता आतेभावाचं. हा आत्याचा धाकटा, लाडका. आयटीत आहे, खराडीला राहतो. दहा-बारा वर्षांपूर्वी त्याच्या आयुष्यात काही वाईट दिवस आले, ते इथे सांगत नाही, आणि तो एका पेंटेकोस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या, फेलोशिपला जाऊ लागला. हॉल, ड्रम, कीबोर्ड, तीन-तीन तासांची उपासना. त्याचं सावरलं हे निर्विवाद. बायकोने कानातलं काढलं, कारण पेत्राच्या पत्रात सोन्याच्या दागिन्यांविषयी लिहिलंय. आत्या उपासनेला पदर घेऊन बसते कारण पौलाच्या पत्रात डोकं झाकण्याविषयी लिहिलंय, आणि तरी सुनेचं कानातलं तिला अतिरेक वाटला. प्रत्येक जण शास्त्र अक्षरशः पाळतो. फक्त अक्षरं आपापली निवडतो. (साळिसबरी पार्कातले ॲडव्हेंटिस्ट शेजारी शनिवारी उपासना करतात आणि आम्हा सगळ्यांकडे थोडं कीव केल्यासारखं बघतात. त्यांचं वचन तर दहा आज्ञांतच आहे.)

एका नाताळला जेवताना त्याने मला विचारलं, "ताई, तुझं तारण झालंय का?"

मी सहकारी बँकेत सोनेतारण विभागात काम करते. दिवसभर हा शब्द कानावर असतो. तारण म्हणजे गहाण ठेवलेलं सोनं. कर्ज फिटलं की परत मिळतं. मी त्याला तेच सांगितलं तर तो हसला नाही. त्याला तारीख हवी होती. त्याच्याकडे होती: दिवस, वेळ, कोणत्या गाण्याच्या वेळी. आई मध्ये पडली. "झालंय, होतंय आणि होईल अशी आशा आहे," ती म्हणाली. हे कॅथोलिकांचं ठरलेलं उत्तर, पण तिच्या तोंडून ते भाजीत मीठ पुरे आहे का सांगावं तसं आलं. भूत, वर्तमान, भविष्य. तो म्हणाला, "मामी, असं तिन्ही काळांत नसतं. एक तर झालंय, नाही तर नाही."

मग तो उरलेलं बोलला. त्याने पुन्हा बाप्तिस्मा घेतला होता. बुडवून, कळत्या वयात, 'खरा'.

आत्या टेबलावरून उठली नाही. ताटातल्या वड्या मोजत असल्यासारखी बसून राहिली. नंतर मागच्या खोलीत तिचा आवाज ऐकू आला. ती माझ्या आईला सांगत होती, "वहिनी, तीन महिन्यांचा होता. पांढरं झबलं मी शिवलं होतं. पाळकांनी पाणी लावलं तेव्हा हसला होता. ते सगळं खोटं धरायचं?" इफिसकरांच्या पत्रात 'एकच बाप्तिस्मा' असं लिहिलंय, ते वचन आईने तिला दिलं. आत्याला ते पाठ होतंच. तिला ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं. आईने आणखी एक सांगितलं: आमच्यातसुद्धा तुमचा बाप्तिस्मा खरा धरतात, पिता-पुत्र-पवित्र आत्म्याच्या नावाने झाला की पुन्हा करत नाहीत. सगळं आयुष्य जिला मूर्तिपूजक म्हटलं तिच्या चर्चच्या नियमात आपल्या लेकाचं झबलं सुरक्षित आहे, हे त्या रात्री आत्याला कळलं. हरेगावबद्दल ती त्यानंतरही बोलायची, पण आवाज जरा खाली आला.

आत्या त्या मंडळींना 'अमेरिकेहून आलेलं थेर' म्हणायची. यावर बाबांनी तिला एकदाच टोकलं, आणि टोकलं ते तिच्याच सासरवरून. तिची आजेसासू दुष्काळात पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनात वाढलेली. तिथे १९०५ मध्ये संजीवन झालं: शेकडो मुली रडत, मोठ्याने प्रार्थना करत, आणि पुढे काही जणी अन्य भाषांत बोलू लागल्या. लॉस एंजेलिसची अझुसा स्ट्रीटची सभा, जिच्यापासून जगभरचे पेंटेकोस्टल आपली वंशावळ सांगतात, ती १९०६ ची. "तुझ्या मुलाने थेर आणलं नाही," बाबा म्हणाले, "पणजीचं घरी आणलं."

रमाबाई हा आमच्या घरातला एकमेव संत आहे ज्यावर कुणाचा वाद नाही, आणि स्वतः त्या मात्र कुणाशी वाद घातल्याशिवाय राहिल्या नाहीत. पंचहौदात काम करणाऱ्या वाँटेजच्या सिस्टर्सशी पुण्यात ओळख झाली, पुढे इंग्लंडला त्यांच्या मठात गेल्या, १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला. तिथून त्यांची आणि सिस्टर जेराल्डिनची पत्रं सुरू होतात. सिस्टरना वाटे, चर्चने सांगितलेलं नम्रपणे मानावं. रमाबाईंचं म्हणणं, एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून एवढ्या कष्टाने मान सोडवली, ती आता दुसऱ्या पुरोहितांच्या हाती देऊ? पिता-पुत्र-पवित्र आत्मा या त्रैक्यावर शंका, अथानासियसच्या मतांगिकारावर, म्हणजे चर्चच्या जुन्या श्रद्धासूत्रावर, शंका. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, आमच्या संस्कृतात काय उणं आहे, हाही प्रश्न. आणि हीच बाई शेवटी संस्कृतही बाजूला ठेवते. हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत उतरवते, कारण गावाकडून आलेल्या तिच्या मुलींना ते कळायला हवं होतं. १९२२ मध्ये त्या गेल्या. भाषांतर १९२४ मध्ये आलं. शास्त्राचा अर्थ कोणी लावायचा, या वादावर इतकं महाग उत्तर दुसऱ्या कुणी दिल्याचं मला ठाऊक नाही. आत्याला रमाबाईंचा कणा आवडतो, आईला त्यांचं आईपण, आतेभावाला १९०५. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचंही तसंच. तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो म्हणणारा हा माणूस १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' काढतो आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले दोघांनाही बसायला जागा देतो. आतेभावाला हे पटत नाही. बाबांना फार पटायचं.

बाबांचं स्वतःचं मत काय होतं, हे मात्र त्यांनी कधी सरळ सांगितलं नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, ल्यूथरने ज्या ९५ कलमांनी १५१७ मध्ये वाद सुरू केला त्यांच्या तारखेला, आउग्सबुर्गमध्ये कॅथोलिक आणि ल्यूथरन दोघांनी मिळून एका निवेदनावर सह्या केल्या: माणूस नीतिमान ठरतो तो देवाच्या कृपेने, स्वतःच्या पुण्याईने नव्हे, हे दोघांनाही मान्य. बाबांनी बातमी कापून आत्याला नेऊन दाखवली. "अक्का, ४८२ वर्षांनी मिटलं बघ." आत्या म्हणाली, "मिटलं? आम्हाला कोणी विचारलं?"

ते गेल्यावर त्यांची दोन्ही बायबलं माझ्याकडे आली, आत्याच्या वळणाचं आणि आईच्या वळणाचं. समासात बारीक पेन्सिल. रोमकरांच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, 'विश्वासाने नीतिमान' च्या बाजूला लिहिलंय: "ल्यूथरने १५२२ ला इथे 'केवळ' घातला. मुळात नाही." याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात: "'केवळ विश्वास' हे शब्द एकत्र फक्त इथे. तेही नकारासह!" उद्गारचिन्ह त्यांचंच. ल्यूथरला हे पत्र गवताच्या काडीचं वाटायचं, हेही लिहिलंय. शेवटी पानाच्या तळाशी, वेगळ्या शाईने, बहुधा बऱ्याच वर्षांनी: "दोघांनाही अब्राहामच लागतो." कारण पौलही अब्राहामाचा दाखला देतो, याकोबही, एकाला त्याचा विश्वास दिसतो, दुसऱ्याला वेदीवर लाकडं रचणारे हात. मी निकाल शोधत होते. वर्गातल्या फळ्यावर गृहपाठ लिहून ठेवावा तसं ते वाक्य सोडून ते गेले.

समोरच्या वाड्यातले वारकरी काका पायरीवर बसून हा सगळा दगडाचा प्रश्न ऐकत होते. त्यांनी बाबांबरोबर तीस वर्षं पेपर वाटून वाचला. म्हणाले, "आमच्यात बरं असतं. पिंडाला कावळा शिवला, की सुटला. तुमच्यात निकाल सांगायला कोणी पक्षी नाही का?" मग स्वतःच म्हणाले, "नाही तरी कधी कधी तो शिवत नाही, आणि मग दर्भाचा करून शिववावा लागतो."

जुलैच्या शेवटी, बाबांच्या तारखेला, आम्ही दफनभूमीत गेलो. माती आता बसली आहे, दगड लावायला हरकत नाही, असं तिथल्या माळ्याने आधीच सांगितलं होतं. आतेभाऊ गाडी चालवत होता. दगड मी आधीच लावून घेतला होता, ओळीशिवाय: नाव, तारखा, क्रूस, आणि खाली अर्धा हात कोरा ग्रॅनाइट. कारागीर म्हणाला होता, "जागा सोडली तर नंतर टाकता येते, फक्त इथे येऊन कोरायचे पैसे वेगळे." प्रार्थना झाली. आई 'सोडव'ला थांबली. आत्या आणि तिचा लेक पुढे गेले. मी कुठे थांबले ते मला आठवत नाही. पावसात छत्री सावरत होते.

आईने मेणबत्ती लावून बघितली, लागली नाही. आत्या त्या कोऱ्या जागेकडे बघत होती. "काहीच नाही लिहिलंस?"

"तुमचं दोघींचं ठरेना."

आत्याने बोटांनी दगडावरचं पाणी निपटलं. "लाभो दोन अक्षरी, लाभली तीन. वहिनीचं स्वस्त पडेल," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं, मी हसते का ते पाहायला.

आई खाली बसून विझलेली मेणबत्ती पिशवीत टाकत होती. "त्यांच्यासाठी अक्का म्हणतात ते लिही," ती वर न बघता म्हणाली. "ते गेले असतील सरळ. त्याच्या खाली माझं नाव येईल ना कधीतरी, जागा ठेव. तिथे लाभोच लिही. मला लागेल."